जायपत्रीचा रकाना

मसाला निर्यात परवाना कार्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर अर्जमास्तरांचं टेबल होतं. मास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत. लोकांचे अर्ज भरून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून ते अर्जमास्तर. त्यांचं खरं नाव फक्त घरच्यांना ठाऊक होतं, आणि घरचेही ते क्वचितच काढत.

देशाबाहेर मसाला पाठवायचा तर सरकारी परवाना हवा, आणि परवान्यासाठी अकरा पानी अर्ज. मालाचं नाव, वनस्पतीचा कोणता भाग, माल कुठे सुकवता, कुठे निवडता, गोदामाला दारं किती, खिडक्यांना जाळी आहे का, निवडणाऱ्या बायका डोक्याला फडकं बांधतात का. वाचता वाचता भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटे. मग ते रस्ता ओलांडून मास्तरांकडे येत. मास्तर समोरच्या स्टुलावर बसवून दहा-बारा प्रश्न विचारत आणि तासाभरात अकरा पानं भरून हातात देत. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही, अक्षर असं की छापल्यासारखं.

"सव्वीस वर्षांत माझा एकही अर्ज परत आलेला नाही," असं ते सांगत, तेव्हा त्यांची मान नकळत ताठ होई.

मास्तरांना मूल एकच, मुलगी. तिने अक्षर गिरवलं ते बिघडलेल्या अर्जांच्या कोऱ्या बाजूवर. इतर मुलं बाराखडी म्हणायची त्या वयात ती म्हणायची, "मिरी फळ, लवंग कळी, दालचिनी साल, जायपत्री पान." मास्तर कौतुकाने पाहुण्यांसमोर म्हणून घ्यायचे. तीच मुलगी पुढे शिकली, सरकारी परीक्षा पास झाली, निरीक्षक झाली, आणि तिची पहिली नेमणूक झाली ती नेमकी बापाच्या टेबलासमोरच्या इमारतीत.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिने जेवताना दोघांना बजावलं. "बाबा, ऑफिसची गोष्ट घरात काढायची नाही आणि घरची ऑफिसात न्यायची नाही. आणि रस्त्यापलीकडून मला चहा पाठवायचा नाही."

"अगं, चहात काय आहे?"

"चहातच असतं सगळं."

"आणि मी काय करायचं?" आईने विचारलं.

"तू दोघांवर लक्ष ठेवायचं."

"ते तर लग्न झाल्यापासून करतेच आहे," आई म्हणाली. "आता एकाची भर पडली, एवढंच."

मुलीने आणखीही एक केलं. पहिल्याच आठवड्यात तिने मोठ्या साहेबांना लेखी कळवलं की, माझ्या वडिलांनी भरलेले अर्ज माझ्याकडे तपासायला देऊ नयेत. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद वाचला आणि म्हणाले, "मग तुम्हाला देऊ काय? इथे येणारे निम्मे अर्ज त्यांच्याच हातचे. तुम्ही तपासा, मी पुन्हा बघीन, परवान्यावर सही माझी." तिथे तो विषय मिटला.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. बापलेक सकाळी घरातून बरोबर निघत आणि कोपऱ्यावर वेगळे होत. ती पुढे जाई, ते दोन मिनिटं पानाच्या गाडीपाशी उगाच रेंगाळत आणि मग जात. दुपारी ती खिडकीशी आली की मास्तरांना समोरून तिचं डोकं दिसे. तेवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जाई. गिऱ्हाइकाला मात्र ते आधीच सांगून ठेवत, "आत निरीक्षकबाई आहेत, फार कडक आहेत. त्यांच्यापुढे माझं नाव काढू नका." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्याला नातं लगेच कळायचं.

अशात एक दिवस आत्या आल्या. आत्या सगळ्या मसालाबाजाराच्या आत्या. नवरा लवकर गेला तेव्हापासून एकटीने मिरी, जायफळ आणि जायपत्रीचं दुकान चालवलेलं. आवाज खणखणीत, चाल झपाट्याची. माल इतका स्वच्छ की लोक डोळे मिटून विकत घेत. आजवर सगळी विक्री इथल्या इथेच. आता परदेशातल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या जायपत्रीचा नमुना पाहिला होता आणि तो हटूनच बसला होता, की माल घेईन तर यांचाच. दोन महिने थांबायला तो तयार होता. तेवढ्यात परवाना यायला हवा.

"मास्तर, मला यातलं ओ की ठो कळत नाही," आत्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "तुम्ही विचारा, मी सांगते. खोटं मात्र लिहू नका."

"खोटं? आत्या, सव्वीस वर्षांत..."

"माहीत आहे, माहीत आहे. बाजारात सगळ्यांना पाठ आहे ते."

मास्तरांनी प्रश्न विचारले, आत्यांनी उत्तरं दिली. गोदाम कुठे, तर बाजारामागच्या गल्लीत, डावीकडून सातवं. त्या गल्लीतल्या कितीतरी गोदामांचे अर्ज मास्तरांच्या हाताखालून गेले होते. सगळी एकाच गवंड्याने ओळीने बांधलेली, एकासारखं एक. नकाशाही पाठ झालेला. दारांचं त्यांनी विचारलंच नाही. 'दारे दोन, समोर व मागे. खिडक्यांना जाळी आहे,' असं हाताने आपोआप लिहिलं गेलं. आत्यांनी भरवशाने सही ठोकली.

पंधरा दिवसांनी आत्या पुन्हा आल्या. या वेळी स्टुलावर बसल्या नाहीत. हातातले अकरा कागद त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "परत आला."

मास्तरांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा आला. "कोणाचा?"

"माझा. म्हणजे तुमचा. आणि मला एक कळत नाही मास्तर, भरला तुम्ही आणि परत पाठवलात तोही तुम्हीच? अक्षर तर तुमचंच आहे."

मास्तरांनी पहिलं पान उलटलं. समासात लाल शाईने शेरा होता: 'प्रत्यक्ष पाहणीत गोदामास दोन नव्हे, एकच दार आढळले. खिडकीस जाळी नाही. नकाशा जागेशी जुळत नाही. अर्ज परत.' खाली आणखी एक ओळ होती, पण ती वाचायला मास्तरांचे डोळे थाऱ्यावर नव्हते. त्या 'नाही'मधल्या वेलांटीचं वळण त्यांनी स्वतः हात धरून गिरवून घेतलं होतं.

"ती पोरगी आली होती पाहणीला," आत्या सांगत होत्या. "नीट वागली हो. पाणी दिलं, ते घेतलं नाही, पण 'नको आत्या' म्हणाली, 'नको बाई' नाही म्हणाली. फीत काढून सगळं मोजलं. मागच्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. मला म्हणाली, मागचं दार कुठे आहे? मी म्हटलं, कसलं दार? तिथे शेजाऱ्याची भिंत आहे."

मास्तर एवढंच म्हणाले, "ठेवून जा कागद. बघतो."

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, हातपाय धुऊन आईला भाजी चिरू लागली. मास्तर वर्तमानपत्र उघडून बसले आणि बराच वेळ एकाच पानावर राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"चार महिने झाले नोकरीला लागून. सव्वीस वर्षांचं माझं काम एका लाल रेघेत..."

"बाबा, ऑफिसची गोष्ट."

"अगं, बापाची गोष्ट आहे!"

मुलीने विळी आडवी केली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणापासून तिचं असंच होतं, रडू आलं की आधी कानांना कळे. "एकच विचारते," ती म्हणाली. "तुम्ही ते गोदाम पाहिलंय?"

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मला कशाला पाहायला लागतं? ती सगळी गल्ली माझ्या..."

"पाहिलंय का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

आई दोघांच्या मधे उभी होती. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती पुटपुटली आणि पानं घ्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टेबल मांडलं नाही. छत्री घेऊन ते थेट बाजारामागच्या गल्लीत गेले. मनात अजून राग होता. एखादी बुजवलेली चौकट तरी सापडेल, मग बघू कोण चुकलं ते, असं घोकत ते निघाले होते. गल्लीत शिरले आणि तिथेच थबकले. गोदामं मुळीच एकासारखी एक नव्हती. एकाला वर माळा होता, एकाची अर्धी जागा पडून गेली होती, एकाला दोन दारं होती तर एकाला तीन. गवंडी एकच असेल कदाचित, पण मालक वेगवेगळे होते आणि वर्षंही बरीच लोटली होती.

आत्यांनी दार उघडलं. मास्तर उंबऱ्यावर आले आणि त्यांना एकदम तीन शिंका आल्या.

"पहिल्यांदाच येताय का गोदामात?" आत्यांनी हसत विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघताना त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मसाल्याचे हजारो अर्ज भरले, पण मसाल्याच्या गोदामात पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. व्यापारी त्यांच्याकडे येत, ते कुणाकडे जात नसत.

आत उजेड कमी होता, पण सगळं लखलखीत. एका बाजूला मिरीची पोती, एका बाजूला पाट्यांवर बसून दोन बायका काळ्या मिरीतून खडे वेचत होत्या. आत्यांनी ओंजळभर मिरी त्यांच्या हातावर ओतली. "फुंकर मारा. उडाली ती पोचट. जड राहिली ती खरी." मास्तरांनी फुंकर मारली, आणि चार दाणे उडून त्यांच्याच सदऱ्यात गेले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तरही हसले. कालपासून आवळलेला त्यांचा जबडा तेव्हा कुठे सैल झाला.

मागच्या भिंतीवर त्यांनी हात फिरवला. भिंत ती भिंतच. मग त्यांनी पिशवीतून परत आलेला अर्ज काढला आणि खिडकीच्या उजेडात लाल शाईतली ती शेवटची ओळ वाचली: 'नियम १७, पोटनियम ३ पाहावा.'

तो नियम मास्तरांना तोंडपाठ होता. गोदामाला एकच दार असल्यास येणाऱ्या कच्च्या मालाची आणि जाणाऱ्या तयार मालाची वेळ वेगळी ठेवावी व दाराशी तशी नोंदवही असावी. बस, एवढंच. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांना हा नियम कधी लागलाच नव्हता, कारण त्यांनी प्रत्येकाला दोन दारं देऊन टाकली होती आणि कार्यालयातून कुणी जाऊन ती कधी मोजली नव्हती. एक दार लिहिलं असतं तरी परवाना मिळाला असता. पोरीने वाट अडवली होती आणि त्याच शाईने वाट दाखवलीही होती. ते मटकन एका पोत्यावर बसले.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही. मी गाढव आहे."

"ते होय," आत्या म्हणाल्या. "मला वाटलं चक्कर आली. चला, जायपत्री दाखवते. ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, ती तरी बघा."

त्यांनी एका डब्याचं झाकण काढलं. आत केशरी-पिवळे, कडक, जाळीदार तुकडे होते. नखांसारखे वाकलेले, फाटलेल्या लेससारखे. वास गोड आणि उष्ण. मास्तरांनी एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"ही जायपत्री?"

"मग काय?"

"पण हे पान कसलं?"

"पान?" आत्यांना कळेना. "पान कुठलं मास्तर? हे जायफळाच्या बीवरचं आवरण. फळ फोडलं की आत बी असते, तिला ही लाल जाळी चिकटलेली असते. ती सोलून सुकवायची. पत्री म्हणतात म्हणून काय पान होतं का? नाव भीमाचं म्हणून कुणी गदा उचलतो थोडाच!"

मास्तरांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. अर्जाच्या चौथ्या पानावर एक रकाना होता: 'वनस्पतीचा कोणता भाग.' जायपत्रीपुढे त्या रकान्यात ते पहिल्या दिवसापासून 'पान' लिहीत आले होते. तमालपत्र पान, तशी जायपत्रीही पान. विचारायचं काय त्यात? आत्यांच्या अर्जातही तेच होतं.

"आत्या, प्रयोगशाळेचा दाखला आलाय का तुमचा?"

आत्यांनी आणून दिला. त्यावर स्वच्छ छापलं होतं: 'बीजावरील आवरण.' परवान्यावर पान आणि दाखल्यावर आवरण. परदेशातल्या बंदरात कुणी दोन कागद शेजारी ठेवून वाचले असते, तर आत्यांचा पहिलाच माल गोदीत पडून राहिला असता.

मास्तरांना भरलेल्या प्रत्येक अर्जाची, कार्यालयाची सही झालेली एक प्रत ठेवायची सवय होती. त्या दुपारी त्यांनी घरच्या माळ्यावरून गठ्ठे काढले आणि चौथं पान तेवढं पाहत गेले. जायपत्री, पान. जायपत्री, पान. सुंदर, एकसारख्या अक्षरात. कुठे खाडाखोड नाही. कार्यालयाच्या तपासनीसांनी प्रत्येकाखाली 'तपासले' म्हणून सही केलेली. अगदी वरच्या गठ्ठ्यातले चार अर्ज मात्र वेगळे होते. त्यांच्याखाली सही होती त्यांच्या मुलीची.

ते गठ्ठ्यासमोर फतकल मारून बसून राहिले. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ही चूक ठाऊक होती ती त्यांना एकट्यालाच. आत्यांच्या नव्या अर्जात गुपचूप बरोबर लिहिलं, तर जुने अर्ज उघडून पाहायला कोण बसलंय? पण ज्यांचे परवाने 'पान' म्हणून निघालेत, त्यांचा माल उद्या कुठे अडला तर? आणि आपण सांगायला गेलो तर पहिला ठपका बसणार पोरीवर, आणि तोही बापानेच नेऊन दिलेला.

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत कणीक मळत राहिली.

"म्हणजे लहानपणी ती ते सगळं म्हणायची, त्यात जायपत्री चुकीची होती?"

"हो."

"आणि ती तुम्हीच शिकवली होतीत."

"मीच. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग आता पाहताय काय? अक्षर तुम्ही शिकवलंत, चूकही तुम्हीच शिकवलीत. बरोबर काय ते सांगायला काय शेजारी येणार आहेत?"

मुलगी आल्यावर मास्तर म्हणाले, "मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. जायपत्रीबद्दल."

"बाबा, घरात नको. प्लीज." ती थकलेली होती. कालचं ओझं तिच्याही मनावर होतं, हे त्यांना दिसत होतं.

"बरं," मास्तर म्हणाले. "मग उद्या ऑफिसच्या खिडकीवर येतो."

सव्वीस वर्षांत मास्तर त्या कार्यालयाच्या रांगेत कधी उभे राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी उभे राहिले. तिसरा नंबर होता. पुढच्या दोघांनी ओळखून "मास्तर, तुम्ही पुढे व्हा" म्हटलं, पण ते हलले नाहीत. खिडकीशी पोहोचले तेव्हा मुलीने वर पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय काम आहे?" तिने विचारलं.

"अर्ज द्यायचाय."

"कुणाच्या वतीने?"

"माझ्याच."

तिने कागद घेतला. एकच पान होतं. त्यात लिहिलं होतं की, खाली सही करणारा अर्जलेखक याने सव्वीस वर्षं जायपत्रीच्या रकान्यात अज्ञानाने 'पान' असं लिहिलं असून ते चूक आहे. ज्या ज्या परवान्यांत ही चूक गेली त्यांची यादी जोडली आहे. चुकीचा उगम सर्वस्वी अर्जलेखकाचा असून तपासणाऱ्यांचा त्यात दोष मानू नये.

मुलगी यादी वाचत गेली. शेवटच्या चार नावांपाशी थांबली. तिचे कान हळूहळू लाल झाले. मास्तर खिडकीचा कठडा घट्ट धरून उभे होते.

"तुम्ही काल हेच सांगत होता?"

"हो."

"आणि मी ऐकलं नाही."

"नियम होता ना. तूच केलेला."

तिच्या तोंडून फसकन हसू निघालं, आणि हसता हसताच डोळे भरले. रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, एक कोरा कागद ओढला, त्यावर भराभरा चार ओळी लिहिल्या आणि उठली. "बाबा, थांबा इथेच," ती म्हणाली. त्या इमारतीत तिने त्यांना बाबा म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

काचेच्या दारामागे साहेबांचा चष्मा कपाळावर चढलेला दिसला. थोड्या वेळाने मास्तरांना आत बोलावणं आलं.

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एकात बाप म्हणत होता, चूक माझी, तिची नाही. दुसऱ्यात लेक म्हणत होती, चार अर्ज मी स्वतः तपासले, चूक माझ्या नजरेतूनही सुटली, योग्य ती कारवाई व्हावी. अक्षर दोन्हीकडे सारखंच.

"यातला कुणाचा कुठला, ते आधी सांगा," साहेब म्हणाले. "मला दोन्ही एकाच माणसाने लिहिलेत असं वाटतंय."

कुणी हसलं नाही. साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "मी इथे अकरा वर्षं आहे मास्तर. यातल्या निम्म्या परवान्यांवर माझी सही आहे. मग माझ्यावर कारवाई कोण करणार?" ते उठले आणि कोपऱ्यातलं नमुन्यांचं कपाट उघडू लागले. कुलूप गंजलेलं होतं, बराच जोर लावावा लागला. आत काचेच्या बाटल्या होत्या, बऱ्याच वर्षांत कुणी न हलवलेल्या. त्यांनी एक बाटली पुसून उजेडात धरली. आत फिकट जाळीदार तुकडे होते. वर पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर, मास्तर इथे यायच्याही आधीच्या कुणाच्यातरी हातचं लिहिलेलं होतं: 'जायपत्री (पाने).'

"घ्या," साहेब म्हणाले. "तुम्ही निदान गोदामात जाऊन पाहिलंत. आम्ही कपाटसुद्धा उघडलं नाही."

त्याच आठवड्यात सगळ्या परवानाधारकांना पत्र गेलं, की जायपत्रीचा रकाना दुरुस्त करून घ्यावा आणि गोदामाची दारंही मोजून कळवावीत. कुणाचा माल अडला नाही. मुलीच्या नावे साहेबांनी कागदोपत्री समज दिली, कारण ती द्यावीच लागत होती. पण तिच्याच खाली त्यांनी लिहिलं की, चूक लक्षात येताच हिने ती स्वतःहून लिहून दिली. वर्षअखेरीला तिची नोकरी कायम झाली.

आत्यांचा नवा अर्ज मास्तरांनी गोदामातच बसून भरला, पोत्याचं टेबल करून. 'दार एक.' खिडकीला आत्यांनी तोवर जाळी बसवून घेतली होती आणि दाराशी नोंदवही टांगली होती. परवाना आला तेव्हा परदेशी व्यापाऱ्याची मुदत संपायला नऊ दिवस बाकी होते. माल वेळेत गेला. त्याला तो इतका आवडला की त्याने लगेच पुढचा मागवला. आत्यांनी मास्तरांच्या टेबलापाशी येऊन सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ही बातमी सांगितली. समोरच्या इमारतीच्या खिडकीतही ती पोहोचली.

मग आत्यांनी हट्टच धरला, की सुकी जायपत्री पाहिलीत, आता ओली पाहा. एका सुट्टीच्या दिवशी त्या मास्तरांना, त्यांच्या बायकोला आणि मुलीला घेऊन आपल्या जुन्या बागायतदाराकडे गेल्या. "मी आज सुट्टीवर आहे, निरीक्षक नाही," असं मुलीने गाडीत बसतानाच जाहीर केलं. दाट सावलीतून चालत बागायतदाराने एका झाडाखाली नेलं आणि उकललेलं पिवळं फळ खाली पाडलं. त्याने ते दोन हातांनी फाकवलं. आत काळी-तपकिरी चकचकीत बी, आणि तिला बिलगून ओलं, लालभडक जाळं.

मास्तर आणि मुलगी दोघंही एकदम पुढे वाकले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"बघू, बघू," म्हणत आईने ते फळ मधूनच उचललं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "एवढ्याशासाठी माझ्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही?"

"एवढंसं नाही ते आई," मुलगी डोकं चोळत म्हणाली. "किती सुंदर आहे बघ."

"सुंदर आहे खरं," आईने कबूल केलं आणि ते फळ नवऱ्याच्या हातात दिलं. "घ्या. नीट बघून घ्या एकदा."

मास्तरांनी नखाने ते लाल आवरण अलगद सोडवलं, अख्खं, कुठेही न फाटता, आणि मुलीच्या तळहातावर पसरलं. बागायतदार कौतुकाने पाहत होता. "हात हलका आहे तुमचा," तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "मलाही बाहेर माल पाठवायचा आहे मास्तर. परवान्याचा तो अर्ज तुम्ही भरून देता म्हणे?"

मुलीने लगेच दोन्ही हातांनी कान झाकले, लाल जायपत्रीसकट. "आई, चल, आपण ती पलीकडची झाडं बघू. मला इथलं काही ऐकू येत नाहीये." आईला ओढत ती निघालीसुद्धा. आत्या मोठ्याने हसत त्यांच्यामागून गेल्या.

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली. "माल सुकवता कुठे?" त्यांनी बागायतदाराला विचारलं.

"तिकडे, टेकाडामागे. चांगलं चालावं लागेल हो, पाऊलवाटेने. इथेच बसून सांगतो ना सगळं."

"छे, चला," मास्तर म्हणाले, आणि धोतराचा सोगा वर खोचून वाटेला लागले.